तिसऱ्या रांगेतला बाप

पावाच्या दुकानात रांगेत उभं असताना जोएल सेब्रोंला स्वतःचा आवाज ऐकू आला. तो काहीच बोलला नव्हता. पुढे दोन शाळकरी मुली होत्या, एकीच्या हातात फोन होता आणि त्या फोनमधून तो घोगरा, घाम आलेला आवाज येत होता : "वर बघ, तित्वाँ. तिसऱ्या रांगेत तुझा बाप बसलाय. पहाटेपासून दुधाचा टँकर हाकून आलाय तो. जा, विचार त्याला, हे पोरगं माझं आहे असं चारचौघांत सांगशील का म्हणून." मग प्रेक्षकांचा गलका, शिट्टी, आणि मुलींचं ते नाकातलं हसू, ज्याला हसू म्हणावं की नाही ते कळत नाही. एक मुलगी सहज मागे वळली. तिची नजर आधी त्याच्या कोटाच्या बटणांपाशी अडकली, मग मान मागे टाकत टाकत त्याच्या तोंडापर्यंत पोचली, आणि तिने फोन चोरीचा माल लपवावा तसा खिशात कोंबला. दोन मीटरच्या वर वाढलेल्या माणसाला शांतलूसारख्या गावात लपायला जागा नसते. आयुष्यभर त्याला या उंचीने खायला घातलं, दारं उघडून दिली, पेपरात फोटो छापून आणले. आज पहिल्यांदाच वाटलं की कुणीतरी आपल्याला गुडघ्यापासून कापून टाकावं. त्याची पाळी आली. गल्ल्यावरची सोलांज आदल्या रात्री गावचा बास्केटबॉल क्लब जिंकला की रविवारी त्याच्या पावासोबत एक कॉफी एक्लेर पेस्ट्री फुकट घालते आणि मागच्या रांगेची पर्वा न करता मॅचचा कीस पाडते. काल क्लब जिंकला होता. सोलांजने पाव कागदात गुंडाळला, पैसे घेतले, म्हणाली, "आज ऊन चांगलं पडलंय, कोच. आणखी काही?" आणखी काही नको होतं. तो बाहेर पडला.

एव्र नदीच्या पुलावर येईपर्यंत त्याने धीर धरला आणि मग तिथेच कठड्याला टेकून फोन काढला. तो शर्टाच्या कॉलरला चिकटवलेला माइक त्याला चांगला आठवत होता. टीव्ही वाहिनीवरच्या त्या पोरीने टाचा उंचावून तो लावला होता, म्हणाली होती, टाइम-आउटमध्ये प्रेक्षकांना घरबसल्या कोच काय बोलतो ते ऐकायला आवडतं. त्याने थट्टाही केली होती, की मग आज मला सभ्य शब्द शोधावे लागतील. तिसऱ्या डावात संघ पार मागे पडला आणि माइक, पोरगी, सभ्य शब्द सगळं वाहून गेलं. आता फोनच्या पडद्यावर तो स्वतःला पाठमोरा पाहत होता, वाकलेला, बोट नाचवणारा. समोर खुर्चीत एकोणीस वर्षांचा तित्वाँ ग्रेले, तोंडावर टॉवेल. आणि त्याचं वाक्य संपायच्या आत कॅमेऱ्याने आपलं काम केलं होतं. तिसरी रांग शोधली होती. तिथे लूक ग्रेले होता, कोऱ्या स्वेटरमध्ये, हातात सॉसेज घातलेली पोळी. हॉलमधल्या लोकांना टाइम-आउटमधलं बोलणं ऐकू येत नाही, फक्त मोठ्या पडद्यावर चित्र दिसतं. लूकला आपला चेहरा वर झळकलेला दिसला. तो गोंधळला, हसला, पोळी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात डोक्यावर नेऊन त्याने साऱ्या फ्रान्सला हात हलवून दाखवला. बाजूच्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. जोएलने फोन बंद केला. खाली पाण्यावर बदकं नेहमीसारखी भांडत होती.

नुसतं एवढंच असतं तर गोष्ट वेगळी होती. माणूस तोंडाने घसरतो, माफी मागतो, गाव चार दिवस चघळतं आणि विसरतं. पण त्या टाइम-आउटनंतर तित्वाँ उठला आणि कुणालाही न बघता लागोपाठ बास्केट टाकत सुटला. दूरवरून, पडता पडता, दोघांच्या मधून. मॅच फिरली. क्लबच्या अध्यक्षांचा निरोप आला होता, 'काय बोललास रे, पोरगं पेटलंच.' मात्रा लागू पडली होती, आणि जोएलला सकाळपासून टोचत होतं ते हेच. मॅचनंतर तित्वाँने रिवाजाप्रमाणे सगळ्यांशी हात मिळवले. आपल्याकडे पोरं सरावाला आली तरी आधी झाडूवाल्यापासून कोचपर्यंत प्रत्येकाचा हात हातात घेतात, मगच बॉलला हात लावतात; ते नाही केलं तर लोक घरचं वळण काढतात. तित्वाँने जोएलचाही हात घेतला. पण नजर त्याच्या तोंडावर नव्हती, कॉलरवर होती, त्या काळ्या मण्याएवढ्या माइकवर. म्हणजे ते बोलणं घरोघरी ऐकलं गेलं हे तेव्हाच कुणीतरी त्याला सांगितलं असणार.

ही मात्रा त्याची स्वतःची नव्हती, वारशाने आलेली होती. चर्चमागच्या अंगणात फादर बोसार झगा कमरेला खोचून पोरांना बास्केटबॉल शिकवायचे, आणि हरलेल्या संघाला रविवारच्या प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसवायचे, म्हणजे सगळ्या गावाला त्यांची मानगूट दिसावी. ते म्हणायचे, लाज वाटलेला माणूस एक वीत उंच उडतो. जोएल, लूक, सगळे त्या बाकावर वाढले. लूक तेव्हा खरा खेळणारा होता. बॉल कुठे हवा हे जोएलला कळण्याआधी लूकच्या हाताला कळायचं, आणि जोएल नुसता झाडासारखा रिंगखाली उभा राहून तो आत सोडायचा. त्यासाठी त्याचं नाव पेपरात. मग एका पावसाळी संध्याकाळी त्या सिमेंटवर लूकचा गुडघा वळला तो कायमचा. लूक डेअरीत लागला. जोएलला उत्तरेकडच्या मोठ्या क्लबाने उचललं. एकदा तर देशाच्या संघाचा निळा गणवेशही अंगावर चढला, जरी तो खेळण्यापेक्षा बाकावरच जास्त चुरगळला.

जोएलचा बाप क्लेमाँ गावच्या जोड्यांच्या कारखान्यात चामडं कापायचा. मुलाचे पाय दुकानातल्या मापांबाहेर गेले तेव्हा पहिले जोडे त्यानेच शिवले, आणि मुलगा क्लबातून पैसे कमवायला लागला तरी घरातल्या चपला तोच शिवत राहिला. सामने बघायला तो बसने यायचा, डोक्यावरची टोपी मांडीवर ठेवून बसायचा, आणि कधी टाळी वाजवायचा नाही. वरच्या गटात चढायची ती निर्णायक मॅच होती. जोएल फ्री थ्रोमागून फ्री थ्रो चुकवत होता, रिंग जणू आकसत चालली होती, आणि तिथल्या कोचने टाइम-आउट घेऊन त्याची हनुवटी बोटांनी वर केली. तुझा बाप बघ, म्हणाला, तुझ्याकडे बघवत नाहीये त्याला. जोएलने बघितलं. बाप खरंच खाली बघत होता, आपल्या पायांकडे. त्यानंतर जोएल जे काही खेळला त्याच्या गोष्टी त्या शहरात अजून सांगतात. पण मॅच संपल्यावर तो बापाला भेटायला बसथांब्यापर्यंत गेला नाही, आंघोळीत वेळ काढत राहिला, आणि पुढच्या मॅचला ये असंही म्हणाला नाही. न बोलावता यायचा क्लेमाँचा स्वभाव नव्हता. आईने पुढे कधीतरी सांगितलं की त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं, आपण गेलो की पोराचा खेळ बिघडतो. त्या दिवशी तो पायांकडे का बघत होता हे जोएलने त्याला कधी विचारलं नाही. चामड्यात काम करणारा माणूस, कदाचित शेजाऱ्याच्या जोड्यांची शिवण बघत असेल. कदाचित नसेल. त्याला मरूनही आता पुष्कळ वर्षं झाली, आणि या प्रश्नाचं उत्तर दफनभूमीत कुणी देत नाही. मात्रा मात्र मागे राहिली. कोच झाल्यावर जोएलने ती किती पोरांना पाजली याचा त्याने हिशेब ठेवला नव्हता. ती गुणकारी होती, आणि गुणकारी औषध कुणी हुंगून बघत नाही. आज पावाच्या दुकानात पहिल्यांदा त्याचा वास आला.

घरी बायको ओदील ओट्याशी लीकची पात चिरत होती. ओदील गावच्या शाळेत शिकवत आली आहे, तिला कुणावर ओरडावं लागत नाही. त्याने पाव टेबलावर ठेवला. ती म्हणाली, मी काल इथेच बसून पाहिलं.  मग तिने सुरी खाली ठेवून विचारलं, "तुझे वडील बोलायचे का रे तुला असं?"

"बाबा बोलायचेच नाहीत," तो म्हणाला.

"मग हे तू शिकलास कुठे?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा चिरायला लागली. जेवणात कोंबडी होती, त्याच्या आवडीची. तो मनाशी जुळवाजुळव करत राहिला. आज दुपारी गोळ्यांच्या खेळाच्या मंडळात जायचं नाही. डोकं दुखतं म्हणून कळवायचं. पण मंडळाची वार्षिक स्पर्धा होती, जोडीचा खेळ होता, आणि त्याचा जोडीदार गेली कित्येक वर्षं एकच होता : लूक ग्रेले. आपण गेलो नाही तर लूक बाद. आपण गेलो तर लूकशेजारी उभं राहायचं. विहीर आणि आड. त्याला वाटलं, लूकच येणार नाही, आणि ते वाटल्याबरोबर इतकं हलकं वाटलं की त्याचीही लाज वाटली. अडीचच्या सुमाराला दारात हॉर्न वाजला, दर रविवारी वाजतो तसाच, एक लांब आणि एक आखूड.

लूकच्या गाडीत दुधाचा आणि ओल्या कुत्र्याचा वास असतो. जोएल गुडघे हनुवटीशी घेऊन बसला. "चपला घेतल्यास ना, लांब्या?" लूकने विचारलं. घेतल्या होत्या. मग लूक नेहमीसारखा बोलत राहिला, अमक्याच्या गायी आटल्या, तमक्याने जमीन विकायला काढली, म्हातारी कुत्री आता जिना चढत नाही. जोएल हो हो करत होता. सगळं वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं, सकाळपासून घोटलेलं, लूक, काल मी जे बोललो ते. पण ते बाहेर पडायला लूकने एक क्षण तरी गप्प बसायला हवं होतं. चर्चच्या वळणावर तो गप्प बसला, आणि मग स्वतःच म्हणाला, "काल मी हात हलवला. पाहिलंस?"

"मी पाठमोरा होतो," जोएल म्हणाला. ते खरंही होतं.

"मला वाटलं, पोराने काहीतरी भारी केलंय, म्हणून बापाला दाखवतायत." लूक हसला. गिअर बदलताना त्याचा हात जरा अडखळला. "बायकोने घरी गेल्यावर फोनवर ऐकवलं. म्हटलं, पुन्हा लाव. तिने काही लावलं नाही."

जोएल म्हणाला, "लूक." एवढंच निघालं. तोवर मंडळाचं फाटक आलं होतं, आणि लूक खाली उतरून, तो वाकडा पाय आधी ताठ करून, मागच्या सीटवरून चपलांची पिशवी काढत होता.

आमच्याकडचा गोळ्यांचा खेळ बाहेरच्या माणसाला झोप आणतो. लांबच लांब गुळगुळीत पट्टी, दोन्ही कडा होडीच्या पोटासारख्या वर वळलेल्या, आणि त्यावर लोखंडी पट्ट्याचा, एका अंगाने जड लाकडी गोळा असा हळू सोडायचा की तो कडेवर चढतो, उतरतो, विचार केल्यासारखा थबकतो आणि शेवटी खूण म्हणून आधी टाकलेल्या लहान गोळ्याजवळ येऊन टेकतो, किंवा टेकत नाही. ज्याचा सगळ्यांत जवळ, त्या खेपेचा गुण त्याचा; ठरलेल्या खेपा संपल्या की हिशेब. पट्टीवर बूट चालत नाहीत, घरातल्या मऊ चपलाच हव्यात. जोएलच्या चपला त्या जागेत प्रसिद्ध होत्या, क्लेमाँच्या हातच्या, होडग्याएवढ्या. लोक म्हणायचे, यांच्यात मांजर विईल. आज कुणी म्हणालं नाही. सगळ्यांनी हात मिळवले, अंजू प्रांतातल्या पांढऱ्या वाईनचा पेला पुढे केला, आणि हवापाण्याबद्दल बोलले. त्याला शिव्या चालल्या असत्या. त्या दिल्या असत्या तर कुठेतरी हिशेब मिटला असता. हा सगळा समंजसपणा गळपट्ट्यासारखा आवळत होता.

समोर पिनो भाऊ होते, दोघे खाटिक, दोघेही ऐन भरात. जोएलचा पहिला गोळा अर्ध्यातच निजला. दुसरा कडेवरून उलटा आला. पट्टी आकसत चालल्यासारखी वाटत होती, त्या फ्री थ्रोच्या वेळच्या रिंगसारखीच. लूक आपल्या वाटणीचं नीट खेळत होता, पण पिनोंचं नशीब जोरावर होतं, दर खेपेला त्यांचा एखादा गोळा केसभर पुढे पडायचा. मध्येच दार उघडलं आणि तित्वाँ आत आला. रिवाजाप्रमाणे त्याने बारपासून सुरुवात केली, एकेकाचा हात घेत, म्हाताऱ्या बायकांच्या गालाला गाल टेकवत तो कठड्यापर्यंत आला. तिथे थांबला, कारण पायात बूट होते. जोएल पट्टीवर होता. दोघांत कठडा होता. कुणीतरी गुण सांगितले, पिनोंचे नऊ, समोरच्यांचा भोपळा, आणि हॉलमध्ये बारीक कुजबुज सुरू झाली, ज्यात पहिल्यांदा थोडी गंमत होती. 'फानी,' कुणीतरी म्हणालं.

भिंतीवर एक छोटं लाकडी कपाट आहे, देव्हाऱ्याएवढं, दोन दारांचं. आत फानीबाईचं जुनं चित्र, पाठमोरी, घागरा वर केलेली. जो भोपळ्यावर हरेल त्याने घंटा वाजल्यावर तिच्यापुढे गुडघे टेकायचे आणि सगळ्या मंडळासमोर तिच्या गोऱ्या ढुंगणाचा मुका घ्यायचा. मेयर असो की पाद्री, सुटका नाही; आणि एकदा मुका घेतला की फिटलं, वाईन येते, वर्षभर चिडवतात पण मनात कुणी ठेवत नाही. जोएलने ते बंद कपाट पाहिलं आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या छातीत हवा शिरली. हेच तर हवं होतं. सगळ्या गावापुढे गुडघ्यांवर. लोक हसतील, खदाखदा हसतील, कुणीतरी फोन काढेल, उद्या तो मुका सगळीकडे फिरेल आणि कालचा आवाज त्याखाली गाडला जाईल. त्याला ते कपाट एकाएकी फार मायाळू वाटलं.

शेवटच्या खेपेला लूकने असा गोळा सोडला की बोलणी थांबली. तो वरच्या कडेवर चढला, पडतो की काय वाटेतो रेंगाळला, मग उतरत उतरत पिनोंच्या दोन्ही गोळ्यांना वळसा घालून लहान गोळ्याला जवळजवळ चिकटला. एक गुण. भोपळा फुटल्यातच जमा होता. टाळ्या पडल्या, आणि कठड्यापाशी तित्वाँने आनंदाने मुठी आवळल्या, हे जोएलला दिसलं. पिनोंचे गोळे संपले होते. जोएलचा एकच उरला होता. "टाक कुठेतरी बाजूला," लूक हसत म्हणाला, "आणि चल, तहान लागलीय."

जोएलने गोळा उचलला. पट्टी आता आकसत नव्हती. त्याने तो जरा जोरात सोडला, इतकाच जोरात, आणि तो सरळ जाऊन लूकच्या गोळ्यावर आदळला. लाकडाचा कोरडा आवाज झाला. लूकचा गोळा कडेवर चढून पट्टीच्या पार टोकाला गेला, आणि लहान गोळ्यापाशी पिनोंचा उरला. दहा विरुद्ध भोपळा. लगेच घंटा वाजली. हात घसरला असंच सगळे समजले. जोएल कपाटाकडे जवळजवळ धावत गेला. थोरल्या पिनोने दारं उघडली, तो गुडघ्यांवर बसला, तरी उंचीमुळे त्याला मान खाली घालावी लागली, आणि त्याने त्या वॉर्निश उडालेल्या चित्राचा मुका घेतला, मोठा आवाज करून. लोक हसले. खरंच हसले. तो उठला तेव्हा त्याचे डोळे ओले होते आणि त्याला वाटलं, संपलं.

मग हसणं थांबलं. त्याने वळून पाहिलं. मागे लूक उभा होता, टोपी हातात घेऊन, आपल्या पाळीची वाट बघत.

जोडीत हरले की दोघांनी मुका घ्यायचा असतो. हे जोएलला ठाऊक नव्हतं असं नाही, लहानपणापासून ठाऊक होतं. पण लाजेत बुडालेल्या माणसाला स्वतःखेरीज दुसरं कुणी दिसत नाही. गोळा हातात असताना त्याला कपाट दिसलं, स्वतःचे गुडघे दिसले, लूक दिसला नाही. मंडळाचा म्हातारा अध्यक्ष पुटपुटला, राहू दे लूक, तुझा पाय. थोरल्या पिनोने कपाटाचं दार लोटायला हात उचलला. लूकने मान हलवली. नियम म्हणजे नियम. त्याने पुढे येऊन जोएलकडे हात केला आणि साध्या आवाजात म्हणाला, "हात दे जरा, लांब्या. गुडघा वाकत नाही."

जोएलने हात दिला. लूकचं सगळं वजन त्या हातावर आलं, उबदार, खरखरीत, आणि लूक वाकडा पाय बाजूला ओढत इंच इंच खाली जाऊ लागला. त्याच्या टाळूवरचं विरळ झालेलं केसांचं वर्तुळ जोएलला वरून दिसत होतं. ते त्याने याआधी कधी पाहिलं नव्हतं. एवढ्यात पट्टीवरून पावलं आली, आवाज नसलेली. तित्वाँने बूट कठड्यापाशी काढले होते, तो नुसत्या मोज्यांवर आला होता. त्याने बापाच्या काखेत हात घातला. "सोडा, कोच," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मी आहे."

जोएलने हात सोडला.

लूकने मुका घेतला, बारीकसा, नात्यातल्या बाईचा घ्यावा तसा. तित्वाँने त्याला उचलून उभं केलं. कुणी हसावं की नाही ते कुणाला ठरवता येईना, पेले हातातच राहिले. तेव्हा लूक सगळ्यांकडे वळला. टोपी डाव्या हातात घेतली, उजवा हात डोक्यावर नेला आणि हलवला, काल पडद्यावर हलवला होता अगदी तसाच, तसंच हसत. काल त्याला माहीत नव्हतं. तित्वाँ बापाला धरून शेजारी उभा होता, मान वर, आणि समोरच्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बघत होता. तो जोएलकडेही बघायला लागला तेव्हा जोएलची नजर खाली गेली. पायात बापाने शिवलेल्या चपला होत्या, आणि तो त्यांच्या शिवणीकडे बघत उभा राहिला.